ओल्या कणकेचा गोळा

या, अशा जवळ सरका. मागे बसलात तर टाळांच्या गजरात शब्द हरवतील. आज एका टाळकऱ्याची गोष्ट ऐकवायची आहे.

शालिग्रामआबांचं आयुष्य जळगावच्या डाळमिलमध्ये पोती उचलण्यात गेलं. पण दिवस मावळला की हातात टाळ, आणि शेजारी पखवाजावर पाचोऱ्याचा जीवराम. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक आबाच घरून मळून न्यायचे. जीवराम म्हणायचा, "तुना हातनी कणीक लागत नही, तवलोंग मना पखवाज बोलत नही."

पुढे जीवराम मुलाकडे सुरतेला गेला. फोन लागेनासा झाला.

आबांची नात भाविका मोबाइलवर एक मदतनीस तयार करत होती. गप्पा मारल्यासारखं विचारायचं, 'आज कुठे काय आहे?' गावोगावच्या ग्रुपवरच्या कार्यक्रमांच्या पत्रिका वाचून तो उत्तर द्यायचा. आबांसाठी तिनं त्याला जीवरामचं नाव शोधायला सांगून ठेवलं.

"आबा, कार्यक्रम कशानिमित्त, तेही दाखवू?"

"निमित्त कसाले वं? देवनं नाव ल्हेवाले निमित्त लागस का? ठिकाण सांग, येळ सांग. मी जास."

भाविकानं निमित्त गाळलं.

रोज सकाळी आबा विचारायचे. रोज उत्तर यायचं, 'काही सापडलं नाही.'

"तुना हाऊ गडी भलता आळशी शे," आबा चिडवायचे.

आणि एक दिवस चहा पिताना उत्तर आलं: 'जीवराम यांचं नाव सापडलं. हरिकीर्तन, उद्या सकाळी, पाचोरा.'

आबांनी स्वतः कणीक मळली, ओल्या फडक्यात बांधली. बसमध्ये भाविकाला म्हणाले, "आते भांडसू त्याले. फोन बंद ठेवस!"

मंडपाच्या दारात मात्र ते थबकले. समोर जीवरामचा फोटो होता, फोटोला हार. खाली त्याचा पखवाज, गवसणीत झाकलेला. कीर्तनात दुसराच कुणी वाजवत होता.

भाविकाला रडू फुटलं. "आबा, चुकलं माझं. पत्रिकेवर गंधमुक्ती, उत्तरकार्याचं कीर्तन, असं लिहिलेलं असणार. मीच ते दाखवू दिलं नाही."

"तुनी चूक नही, बेटा. मीच सांगेल व्हतं."

जीवरामची बायको, कमलबाई, उठून आली. "भाऊ, त्यासनी भलती वाट दखी तुमनी. कीर्तन लागनं का म्हनेत, शालिग्राम उना का?"

आबा फोटोपुढे बसले, गवसणी सोडली. फडक्यातली कणीक काढून पखवाजाच्या डाव्या तोंडावर अंगठ्यानं दाबत नीट बसवली, आता वाजायचाच आहे अशी. मग टाळ घेऊन उभे राहिले. गजरात त्यांचा ठेका कुठं चुकला नाही.

त्या पखवाजाला कुणी हात लावला नाही. कीर्तन संपेपर्यंत कणीक वाळून गेली होती.

मायबाप, तुम्ही कधी कीर्तनाला जाल, पखवाजाला कणीक लावताना कुणी दिसेल. तेव्हा क्षणभर आमच्या जीवरामची आठवण काढा.