सैल तारा

वायकिकीच्या त्या हॉटेलात पुआनानीला कुणी रूपासाठी ठेवलं नव्हतं. डेल हटोच्या रॉकबिली बँडला तिच्या स्टील गिटारीचा लांबवर घरंगळत जाणारा सूर हवा होता. बाकी बँड म्हणजे नुसता धांगडधिंगा: उड्या मारणं, उचक्या देत गाणं, आणि डेलच्या केसांना इतकं तेल, की माशी बसली तर घसरून पडावी. पण त्या दणदणाटात तिची पोलादी पट्टी तारांवरून सरकली की लोक प्याले खाली ठेवत.

तो सूर तिच्या वडिलांच्या जुळणीचा. कोणती तार कोणत्या सुरात लावायची, हे त्यांनी मुलीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून वाजवून झालं की तारा सैल करायच्या, मगच गिटार खाली ठेवायची. "घर पेटलं तरी आधी तारा सोड," असं ते बजावत. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि त्या एका जुळणीवर घर चाललं होतं.

आठवडाभर एक अनोळखी गोरा माणूस स्टेजजवळच्या टेबलाशी येऊन बसत होता. पायाशी गिटारीची पेटी. ती त्यानं एकदाही उघडली नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. नुसता तिच्या हातांकडे बघत राहायचा. पुआ मग खुर्ची तिरकी करून, हात आड ठेवून वाजवायची.

"बघू दे की," लोपाका म्हणायचा. तो तिचा चुलतभाऊ, बँडमध्ये बास हे माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवायचा. "नुसतं बघून जुळणी कळली असती तर मी केव्हाच शिकलो असतो. काकांनी मला कुठे शिकवली?"

"बाबा शिकवायला बसले की पळून कोण जायचं, दादा?"

"हो ना. मीच वाईट."

शनिवारी दुपारी मध्यंतर झालं. ती तारांच्या खुंट्यांना हात घालणार तोच लोपाका धावत आला. "पुआ, घरून फोन आलाय! काकांचं काहीतरी... पळ!"

गिटार खुर्चीवर टाकून ती पळाली.

"फोन?" काउंटरवरच्या ओशिरोबाई म्हणाल्या. "नाही गं. सकाळपासून एकही आला नाही."

तेव्हा तिला तारा आठवल्या.

ती परतली. गिटार खुर्चीवर होती तशीच होती. तारा सैल. तिचा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, आपण त्या सोडल्याच नव्हत्या.

डेलनं सोडल्या? त्याला हा नियम ठाऊकच नव्हता. तो गोरा तर परकाच. त्याचं टेबल रिकामं होतं आणि पेटीही दिसत नव्हती.

पडद्यामागे दुसरीच एक गिटार वाजू लागली. अडखळत होती, पण सूर बाबांचाच. पाठोपाठ डेलचं हसू. "हेच! हेच पाहिजे होतं मला!"

लोपाका बासला टेकून उभा होता.

"दादा," तिनं विचारलं, "माझ्या तारा कुणी सोडल्या?"

त्यानं मान वर केली नाही.

"तशाच कशा ठेवायच्या, पुआ?" तो पुटपुटला. "काका काय म्हणाले असते?"