हलक्या कानाच्या राजाची वही

मित्रांनो, आधी हात दाखवा बघू. तेलाचे, चटणीचे असतील तर लांबूनच ऐका. मी एक जुनी वही आहे, आणि माझा माणसांच्या हातांवर विश्वास नाही.

साठेक वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका शाळेत विरुपाक्ष मास्तरांनी मला लिहिलं. दौतीतली शाई आणि ठसठशीत अक्षर. एका जुन्या छापील पुस्तकावरून त्यांनी ‘हलक्या कानाचा राजा’ हे नाटक माझ्यात उतरवून घेतलं. राजा चुगलखोरांचं ऐकतो, निरपराध प्रधानाला हद्दपार करतो आणि शेवटी भर दरबारात त्याची माफी मागतो, अशी त्यातली गोष्ट.

शाळेचे शिपाई रेवणसिद्ध मला घेऊन विंगेत उभे राहायचे. कुणी वाक्य विसरलं की ते हळूच सांगायचं, हे आमचं काम. या कामानंच माझा स्वभाव बिघडला. तालमीत घडाघडा बोलणारा पोरगा पडदा वर गेला की त-त-प-प करणार, हे धरूनच चालावं लागे. आम्ही मंगळवेढ्याला गेलो, माढ्याला गेलो, बक्षिसं घेऊन आलो. हार मास्तरांच्या गळ्यात पडायचे. मला रेवणसिद्ध आपल्या उपरण्यात गुंडाळून परत आणायचे, तेवढं मला पुरत असे.

पुढे मास्तर गेले, रेवणसिद्ध निवृत्त झाले आणि स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यांवर नाच सुरू झाले. एक दिवस कुणीतरी माझं शेवटचं पान टर्रकन फाडलं आणि त्यात शेंगाचटणी बांधून घेतली. मग उरलेली मी एका डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली गेले. तेव्हापासून जो जवळ येईल तो फाडायलाच आला, असं मी समजत आले.

म्हणून यंदा मराठी शिकवणाऱ्या शिवलीला मॅडमनी मला बाहेर काढून झटकलं तेव्हा मी म्हटलं, चालली आपली स्वारी रद्दीत! त्यांनी पेन्सिल घेऊन राजाची लांबलचक भाषणं छाटली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. मुख्याध्यापक राजशेखर सरांनाही हे नाटक नको होतं.

“मॅडम, राजा अन् प्रधान आता कुणाला पायजेत? पोरं दिवसभर मोबाईलवर असतात की.”

“म्हणूनच, सर,” मॅडम म्हणाल्या. “त्या राजाकडं मोबाईल नव्हता, एवढाच फरक.”

“बघा करून. हसं झालं तर ही वही रद्दीत,” सर म्हणाले आणि निघून गेले.

तालमी सुरू झाल्या. नववीतला पृथ्वीराज राजा झाला, ऋतुराज प्रधान झाला. अंकिता नावाच्या मुलीला मात्र कुणी जवळ उभं करेना. तिनं ऑफिसातून गणिताचा पेपर चोरला, असा मेसेज पृथ्वीराजनंच वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. आणि मॅडमनी विंगेतून वाक्यं सांगायला मला नेमकं तिच्याच हाती सोपवलं. चोराच्या हाती किल्ल्या!

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा बघून, तिनं मला दप्तरात घातलं. झालं, मी म्हटलं, पेपर गेला, आता मी. दप्तर उघडलं ते थेट कुंभारी गावात, एका घराच्या ओसरीवर. समोर ऐंशी पार केलेले एक म्हातारे बसले होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. ते रेवणसिद्ध होते.

“आजोबा, शेवटचं पान फाटलंय. तुमास्नी तोंडपाठ असंल म्हणून मॅडमनी धाडलंय,” अंकिता म्हणाली.

“पाठ नसायला काय झालं? लिही की. पर तू अशी तोंड पाडून का गं?”

“पोरं मला चोर म्हणत्यात. पेपर चोरीला गेलाच न्हवता, आजोबा. ग्रुपवर जो पेपर आल्ता त्यो गेल्या वर्साचा निघाला. मी ऑफिसात शिष्यवृत्तीचा फॉर्म द्यायला गेल्ते. गणिताच्या सरांनी बी वर्गात तसं सांगितलं. पर त्ये कुणी पुढं पाठवलं न्हाय.”

रेवणसिद्धांनी तिला जवळ बसवलं. मग त्यांनी अख्खं पान सांगितलं, आणि राजाचं शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. अंकितानं ते निळ्या शाईनं नव्या कागदावर लिहून मला चिकटवलं. मला फार लाज वाटली. पण जित्याची खोड, मित्रांनो, अशी एका दिवसात जात नाही.

संमेलनात मंडप भरला होता. चुगलखोर राजाच्या कानाला लागला तशी मागून एक आरोळी आली, “ग्रुपवर टाका की!” सगळे हसले, राजशेखर सरसुद्धा हसले. शेवटी पृथ्वीराज प्रधानासमोर येऊन उभा राहिला.

“प्रधानजी, आम्ही ऐकले...” एवढं म्हणून तो अडला. तालमीत एकदाही अडला नव्हता. मी मनात म्हटलं, आता ही पोरगी गप्प बसणार आणि भर मंडपात त्याची फजिती करणार. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर गप्पच बसले असते.

अंकितानं लगेच वाक्य सांगितलं. तो हलला नाही. तिनं पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. पृथ्वीराजनं मुकुट काढून हातात घेतला, प्रधानाकडं पाठ केली आणि विंगेकडं तोंड करून म्हणाला, “आम्ही ऐकले, पण विचारले नाही. अपराध तुमचा नव्हे, आमचा आहे.”

ऋतुराज बिचारा हात जोडून तसाच उभा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नववीच्या रांगा मात्र चिडीचूप होत्या. माझ्या नव्या पानावर दोन थेंब पडले आणि शाई जराशी पसरली. आयुष्यात पहिल्यांदा मी डागाबद्दल कुरकुर केली नाही.

मित्रांनो, ते वाक्य मी पान फाटेपर्यंत कित्येक वर्षं पोटात बाळगलं, किती पोरांना सांगितलं, आणि एका पोरीला न विचारता चोर ठरवून मोकळी झाले. जुनी नाटकं नुसती पोटात ठेवून भागत नाही, हे मला या वयात कळलं. तुम्ही आम्हाला वाचा, मोठ्यानं बोला, आमची पानं फाडू नका.

आता मी वाचनालयाच्या कपाटात असते. या, पण हात धुऊन या. अंकिताचे तेवढे मी बघत नाही.