अप्पांच्या टाकीची रेघ

"धर्मपालभाऊ, पाणी कदी येतंय?" गंगम्मानं रस्त्यातूनच हाक मारली आणि धर्मपाल चटकन पडद्याआड झाला.

गेल्या आठवड्यापर्यंत हाच माणूस या हाकेसाठी सकाळी दाढी करून गॅलरीत बसायचा. सोलापुरात नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या, आणि नेमकं कधी ते खुद्द पाण्यालाही ठाऊक नसतं. धर्मपालला मात्र ठाऊक असे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं घरभर तारा ओढल्या आणि दिवे, पंखे, मोटार, नळ, सगळं एका बारक्या संगणकाला जोडलं. घर एवढं हुशार झालं की पाहुणा चपला काढायच्या आत स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. नावडता पाहुणा असला तर लागायचाच नाही, असं गल्लीतले लोक शपथेवर सांगत. नळ कधी ओला झाला, कधी कोरडा, याची नोंद ते घर ठेवी, आणि त्या नोंदींचा आलेख बघून धर्मपाल अंदाज सांगे. त्याच्या शब्दावर गल्लीत घागरी घासल्या जात.

मग त्याची बायको मीनाबाई एक वाक्य बोलली.

"अप्पांच्या मोबाईलवर कसं रंगीत दिसतंय सगळं. आपलं बगावं तर एक्सरे काढल्यागत."

अप्पा म्हणजे शेजारचे सिद्धलिंगप्पा. अक्कलकोटकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. आणि धर्मपालच्या मते तोच त्यांचा मुख्य दोष. त्यांनीही घर असंच संगणकाला जोडलं होतं, आणि त्यातल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती त्यांनी आधी घेतली होती. धर्मपालच्या पोटात असं काही पेटलं की त्यावर भाकरी भाजून निघाली असती. हातातला घास तसाच धरून, पडद्यावर आलेली एकही सूचना न वाचता त्यानं अपडेटचं बटण दाबलं.

दिवे लागले. पंखे फिरले. पण मागच्या नोंदींचं पान कोरं. घर चालत होतं, फक्त काल काय झालं ते त्याला आठवत नव्हतं.

धर्मपालनं संगणक बंद करून चालू केला. वायर बदलली, मेन स्विच पाडून पाहिला. दर वेळी पडद्यावर तीच ओळ: जुन्या नोंदी नव्या साच्यात बसवताना जागा संपली.

"जागा संपली तर काय साठलंय ते बगा की उघडून," मीनाबाई म्हणाली.

"बगतो."

"रोज बगतो म्हंताय."

तो बघणार नव्हता, कारण आत काय साठलंय ते त्याला पक्कं माहीत होतं. अप्पांच्या गच्चीवरच्या टाकीत तरंगता डबा होता, त्याची दोरी टाकीबाहेर आलेली आणि तिच्या टोकाला लाल झाकण. टाकीतलं पाणी उतरलं की झाकण वर चढायचं. धर्मपालच्या गच्चीवरचा कॅमेरा, जो मीनाबाईच्या समजुतीप्रमाणे वाळवणातल्या मिरच्या राखत होता, तो खरं तर ते झाकण राखत होता. दर सेकंदाला एक नोंद. गेली दोन वर्षं. गल्लीत सगळ्यांच्या टाक्या तळाला गेलेल्या असताना अप्पांची मात्र काठोकाठ असते, म्हणजे हा माणूस नळाला थेट मोटार लावतो, हे धर्मपालला सिद्ध करायचं होतं. पुरावा जवळजवळ पुरा झाला होता. तो पुसायचा कसा?

शेवटी मीनाबाई न विचारता शेजारी गेली आणि अप्पांनाच घेऊन आली.

"जयभीम, धर्मपालराव."

"शरणु, अप्पा." एकमेकांचा नमस्कार एकमेकांना करायची त्यांची जुनी रीत होती, आज धर्मपालनं ती अप्पांकडे न बघताच उरकली. त्यात मीनाबाईनं अप्पांना चहा दिला तो नव्या कपात.

"तुमी कशाला तरास घेताय अप्पा, मी करतो की," धर्मपाल खुर्ची सोडेना.

"सरका हो. एक डोकं आडलं तर दुसरं लावावं." अप्पा खुर्चीवर बसले आणि कुठल्या नोंदीनं किती जागा खाल्ली ते त्यांनी मोठ्यापासून लहानाकडे लावून घेतलं. सगळ्यात वर नाव आलं. टेलिफोन खात्यातल्या सवयीनं धर्मपाल प्रत्येक वस्तूला स्वच्छ नाव देई. इथं लिहिलं होतं: अप्पांची टाकी, चोरीचा संशय.

मीनाबाईनं पदर तोंडाला लावला. धर्मपालला वाटलं, आत्ता वीज जावी. पण वीजही नेमकी त्या दिवशी शहाणी होती.

अप्पांनी नोंद उघडली. रोज दोनदा उतरणारी रेघ आली. ते ती हळूहळू सरकवत राहिले. एका जागी रेघ सपाट झाली, आणि लांबवर सपाटच गेली. धर्मपालला तो काळ आठवला. "बग, टाकी उतरतच न्हाय, चोर हाय लेकाचा," असं तो तेव्हा स्वतःशीच म्हणाला होता.

अप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही रेघ आमची कमलम्मा दवाखान्यात होती तवाची. नळ सोडायला घरात कोण होतं?"

मीनाबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"आनि हितनं पुढं माझं एकट्याचं. उतार किती बारीक झालाय बगा. टाकी रिकामी व्हायची कशी? लई पाणी लागायचं तिला. अंगण धू, झाडाला घाल. मी वरडायचो."

"अप्पा," धर्मपाल म्हणाला, "ह्याचा फोटो तरी काढून देतो. पुसायच्या आदी."

"नको. तिचं पाणी मला पाठ हाय." त्यांनी स्वतःच्या हातानं नोंद पुसली. संगणकानं बराच वेळ घेतला. मग नळाच्या जुन्या नोंदी एकेक करून पानावर परत आल्या, चांगल्या रंगीत.

"कॅमेरा आजच काढतो, अप्पा."

अप्पा चपला घालत दारात थांबले. "राहू द्या की. सेकंदासेकंदाला कशाला, अर्ध्या अर्ध्या तासानं बगा, म्हंजे तुमची जागा बी उरंल. आनि सकाळी कदी रेघ उतरली न्हाय, तर एक हाक मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगम्मा घागर कमरेला लावूनच उभी राहिली. "भाऊ, पाणी कदी येतंय?"

"थांब जरा," धर्मपाल गॅलरीतून म्हणाला. तो दाढी न करताच बसला होता. नळाचा आलेख हातातल्या मोबाईलवर उघडा होता, पण त्याची नजर शेजारच्या गच्चीवर होती. मीनाबाईनं आणलेला चहा कठड्यावर निवत चालला. मग अप्पांच्या टाकीवरचं लाल झाकण हललं आणि बोटभर वर चढलं.

"उद्या येतंय," तो गंगम्माला म्हणाला, आणि त्यानं कप उचलला.