आत गेलेली नाडी

आप्पा शिंप्यांची नाडी मंगळवारी सकाळी आत गेली. परकराची जाते तशीच. एका बाजूनं कुणीतरी ओढली आणि दुसरं टोक नेफ्यात गडप. आप्पा खाटेवर बसून चहा पीत होते, लेकीच्या कुडत्याचा गळा तिरका बसलाय म्हणून कुरकुरत होते. फक्त मनगटात काही लागत नव्हतं.

छातीतला पंप त्यांच्या लेकीनंच, इरूनं, घडवला होता. धुऊन धुऊन सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं त्यांचं हृदय झालं, तेव्हा तिनं लिंबाएवढा पंप आखला. आत चुंबकावर तरंगणारं चक्र, कशालाही न टेकता फिरणारं. रक्त एका संथ धारेनं जायचं. ठोका म्हणजे झीज, म्हणून तिनं ठोकाच ठेवला नव्हता.

गल्लीत नाडी बघायचा मान तानूमावशीचा. तिनं तीन बोटं टेकवली, डोळे मिटले.

"नाही लागत. दिवेलागणीपर्यंत शोधा, गोदाक्का. नाहीतर न्यावं लागेल."

आप्पांनी मान डोलावली. या नियमानं दोघांना त्यांनीच खांदा दिला होता. दाराशी बांबू येऊन पडले. आप्पांच्या बायकोनं, गोदाक्कानं, कुंकवाचा करंडा उघडला, मिटला, परत उघडला. लावू का नको, तिनं लेकीला विचारलं. इरू म्हणाली, जरा थांब.

तेवढ्यात खिडकीजवळच्या भिंतीला पहिली चुणी पडली. पंपाचं चक्र नाडी गुंडाळून घेत होतं, आणि नाडी एकट्या आप्पांतून ओवलेली नव्हती. दुसरी चुणी पडली, तिसरी पडली. कपाट चुलीला येऊन टेकलं. पंप थांबवला असता तर घर सुटलं असतं, आणि आप्पा गेले असते.

"दोन्ही टोकांना आधी गाठ मारायची असते, पोरी," आप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुला."

इरूच्या आराखड्यात केसाच्या दहाव्या भागापर्यंतची मापं होती. गाठ नव्हती.

गोदाक्कानं बांगडीला अडकवलेली मोठी सेफ्टीपिन काढून दिली. इरूनं ती मनगटातून आत सारली. रक्त आलं नाही. पिन कातडीखालून कोपरापर्यंत गेली, खांद्याशी अडली, परत सरकली. आई शेजारी बसून हलक्या आवाजात म्हणत होती,

*नाडी ओविते मी बाई, टोकाला देते गाठ*
*जाणाऱ्या माणसाची, पिनेनं अडविते वाट*

गळ्यापाशी टोक सापडलं. पांढरी सुती नाडी, कोमट. तानूमावशीनं चिमटीत धरली.

"आली बाई. उडतेय चांगली."

गोदाक्कानं कुंकू लावलं, ठसठशीत. नाडी खरंच उडत होती, आणि दर ठोक्याला घराला एक चुणी पडत होती. दार काजाएवढं झालं. त्यातून बाहेरच्या कुणाचा तरी एक डोळा दिसत होता. चौघांचे गुडघे एकमेकांना लागले. इरूनं दोन्ही मुठींनी टोक धरून ठेवलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

"दे इकडे. गाठ मारतो," आप्पा म्हणाले.

तिनं दिलं. त्यांनी दुहेरी गाठ मारली, चाळीस वर्षं मारत आले तशी. चुण्या थांबल्या. गोदाक्कानं श्वास सोडला. गाठीच्या दोन्ही अंगांना नाडी होती, एकीकडे आत जाणारी, एकीकडे लोंबणारी. लोंबतं टोक आप्पांना कधी खपलं नाही, आणि कात्री हाताशी असली तरी ते दातांनीच तोडायचे.

चष्मा भिंतीच्या चुणीत गेला होता. आप्पांनी बोटांनी चाचपून नाडी दातांत धरली.