नाणं गप्प झालं

मित्रांनो, मी एक जुनं मोदकपात्र आहे. खाली पाण्याचं भांडं, वर भोकाभोकांच्या दोन चाळण्या आणि डोक्यावर झाकण. सांगलीच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. विभाताईंच्या रुखवतात मी मिरवलं आणि त्यांचे यजमान सदाशिवराव यांची विमा कचेरीतून बदली झाली, तसं त्यांच्या सामानातून जयपूरला, आदर्श नगरात आलं.

गणपतीला बाहेर यायचं, मग वर्षभर धूळ खायची, असं माझं चाललं होतं. एकदा त्यांच्या लेकीने, अनुयाने, मोमोचा हट्ट धरला. विभाताई म्हणाल्या, "उकडायचंच ना? मग मोदकपात्र काय वाईट आहे?" झालं, माझं नशीबच फळफळलं! हळदीच्या पानाच्या जागी कोबीचं पान आलं. पाण्यात गवती चहा पडला. उकडीच्या पारीत खोबरं-गुळाऐवजी मश्रूम, आलं, लसूण आणि सोया सॉस गेला. कळ्या मात्र मोदकाच्याच! शेजारच्या वीणाजी कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून वरची चाळणी त्यांची. दर शनिवारी पाहुणे, आणि एरवीही अनुयाच्या डब्यासाठी माझी हजेरी असायचीच.

सदाशिवरावांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या पाण्यात चार आण्याचं जुनं नाणं टाकायचं, एवढंच त्यांचं काम. पाणी उकळतं तोवर नाणं खुळखुळतं, पाणी आटलं की थांबतं. ते पेपर वाचता वाचता कान देऊन असत आणि ओरडत, "विभा, नाणं गप्प झालं!"

"अहो, मग पाणी ओता की!" असं विभाताई म्हणाल्या की पाहुणे हसायचे.

तीन वर्षांपूर्वी सदाशिवराव गेले. अनुया नोकरीसाठी बंगळूरला राहू लागली. "एकटीसाठी कशाला एवढा घाट?" म्हणत विभाताई रोज कुकरला खिचडी लावू लागल्या. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, आणि कुणी आलंही नाही. ओट्याखालच्या अंधारात मला फार एकटं वाटायचं. त्यांना माझ्याहून जास्त वाटत असणार.

गेल्या महिन्यात अनुया येणार म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं, लख्ख घासलं. दोन्ही चाळण्या भरून मला गॅसवर चढवलं आणि फोन वाजला.

"आई, सॉरी गं. मतलब, ऑफिसमधून सोडतच नाहीयेत. पुढच्या महिन्यात नक्की येते."

"बरं बाळा," म्हणून विभाताई खिडकीशी बसल्या, त्या बसूनच राहिल्या. नाणं टाकायला कुणी नव्हतं. पाणी आटलं, माझा तळ करपला, घरभर धूर झाला. मी कसं ओरडणार?

दारावर थापा पडल्या. "विभाजी! कुछ जल रहा है क्या?" वीणाजी धावत आत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

विभाताईंनी माझा काळा तळ पाहिला. "देतेच आता भंगारात. कुणासाठी ठेवायचं?" माझा जीव टांगणीला लागला. आणि मग त्या रडायलाच लागल्या. "आप लोग तो भूल ही गए मुझे."

"भूले नहीं जी," वीणाजी खाली मान घालून म्हणाल्या. "बुलावे की राह देखते रहे. लगा, आपका मन नहीं होगा."

विभाताईंनी डोळे पुसले आणि वरची चाळणी त्यांच्यापुढे सरकवली. "ये खाइए. इसमें लहसुन-प्याज नहीं है." तीन वर्षं वीणाजी आल्या नव्हत्या, तरी विभाताईंच्या हाताची सवय गेली नव्हती. मोमोंना करपट वास होता. दोघींनी सगळे संपवले.

मी भंगारात गेलं नाही. चिंचेने घासूनही काळा डाग राहिलाच. दुसऱ्या दिवशी वीणाजी आल्या नाहीत, अनुयाही नव्हती. तरी विभाताईंनी एकटीपुरते पाच मोमो केले आणि खण धुंडाळून ते नाणं माझ्या पाण्यात टाकलं. ते खुळखुळू लागलं, तशा त्या कान देऊन बसल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्यांना घासा-पुसा, वापरा, पाण्याकडे लक्ष ठेवा. आणि शेजारचं एखादं घर गप्प झालं, तर बोलावण्याची वाट पाहू नका. करपल्याचा वास येण्याआधी जा.