कर्तोपाविरो गेले, आणि इतर कार्यक्रम

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी वुर्यानीने सायकल जिन्याखाली लावली, चहाचा थर्मास खांद्याला अडकवला आणि तीर्ता टीव्हीचे कुलूप उघडले. जुडग्यात दोन किल्ल्या होत्या. दुसरी कशाचीच नव्हती. पण संस्थापकांनी स्वतःच्या हाताने दिलेली म्हणून ती एकोणीस वर्षे तिथेच होती. तिने प्रक्षेपण यंत्रावरची चादर काढून घडी घातली आणि बटण दाबले. यंत्र तापायला अकरा मिनिटे लागत. तेवढ्यात माशाला खाणे घालायचे, कॅमेऱ्याची काच पुसायची, डोक्याला पांढरा रुमाल बांधायचा आणि दाराखालून आत सरकवलेली पत्रके गोळा करायची, हा क्रम ठरलेला होता. त्या मंगळवारी पत्रके तीन होती. तिन्हींवर ‘गेला’ या शब्दाभोवती गोल होता.

साडेसहाला ती कॅमेऱ्यासमोर बसली. हा केंद्राचा पहिला कार्यक्रम, लेलायू, म्हणजे कोण वारले याची वार्ता. सेरायू नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत चूल पेटायच्या आधी टीव्ही लागे तो यासाठी. तिने मृत्यूच्या वार्तेआधी म्हणायचे ‘इन्ना लिल्लाही’ म्हटले, दोन नावे वाचली आणि मग तिसरे वाचले: “पाक कर्तोपाविरो, वय एकसष्ट, गाव वातुकुम्बुल, कालव्याचे निवृत्त दारवान. कळवणारी, त्यांची कन्या विनार्सी.” प्रत्येक नावानंतर ती मनात पाचपर्यंत मोजून थांबत असे. या नावानंतरही थांबली. सात वाजता बाजारभाव झाले आणि साडेसातला तिने कॅमेरा माशाकडे वळवला.

माशाची गोष्ट केंद्राइतकीच जुनी होती. दिवंगत पाक हार्जितो (तिकडे पुरुषाला आदराने पाक म्हणतात, बाईला बू) यांनी रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानावर हे केंद्र उभारले. उद्घाटनाच्या दिवशी त्यांचे भाषण वीस मिनिटांत संपले आणि पुढे दाखवायला काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी कॅमेरा दुकानातल्या काचेच्या टाकीकडे फिरवला. आठवड्याभरात पन्नास पत्रे आली. भाषणाबद्दल एकही नव्हते. तेव्हापासून रोज दीड तास मासा. सध्याचा गुरामी जातीचा मासा हा त्या गादीवरचा पाचवा. नऊला फर्माइशी गाणी, दुपारी दातांच्या तक्रारींना उत्तरे (दंतवैद्य मुखपट्टी काढत नसल्यामुळे ती फारशी कळत नसत) आणि संध्याकाळी शेजारच्या घरी आज काय शिजले, हे दाखवणारा कार्यक्रम. त्यापायी दोन कुटुंबांचे बोलणे बंद झाले होते, पण कार्यक्रम चालू होता.

हार्जितोंनी दोन गोष्टी मागे ठेवल्या होत्या. एक म्हणजे छापील पत्रक. सगळ्या प्रकारच्या वार्तांसाठी त्यांनी एकच पत्रक दहा हजार प्रतींत छापून घेतले होते: नाव, वय, गाव, मग ‘आला’ किंवा ‘गेला’ यांपैकी एकाभोवती गोल, आणि खाली कळवणाऱ्याचे नाव. बाळ जन्मले की आला, माणूस वारला की गेला, बकरी हरवली की गेली, सापडली की आली. दुसरी गोष्ट म्हणजे चौकटीत लावलेला नियम: या केंद्रावरून बोललेले मागे घेतले जात नाही, जो मागे घेईल त्याने त्या खुर्चीत पुन्हा बसू नये. त्याचे कारणही बकरीच होती. दुसऱ्या वर्षी हरवलेली बकरी तपकिरी आहे असे सांगण्यात आले, दुसऱ्या दिवशी ती काळी आहे अशी दुरुस्ती झाली. प्रामाणिक लोकांनी सहा तपकिरी आणि पाच काळ्या बकऱ्या आणून जिन्याला बांधल्या, आणि आठवडाभर केंद्रात वर जायला वाट उरली नाही.

बुधवारी सकाळी पावणेआठला जिन्यावर पावले वाजली. दारात एक सडसडीत, उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात केळ्यांची फणी.

“बू वुर्यानी तुम्हीच ना,” ते म्हणाले. “तुमचा आवाज फार चांगला आहे. मी काल ऐकला. मीच गेलो होतो.”

वुर्यानीने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. मग कपाटातून कालचे पत्रक काढले. पुढच्या बाजूला सगळे ठीक होते. तिने ते उलटे केले. मागे, पुढे जागा पुरली नाही म्हणून, बारीक अक्षरांत लिहिले होते: हे नाव बाबांना जड झाले, वर्षात तीनदा दवाखाना झाला, म्हणून गावाच्या साक्षीने जेवण घालून ते नाव सोडले, आजपासून बाबांना राहार्जो म्हणावे.

नाव जड होऊन माणूस आजारी पडतो, तेव्हा ते उतरवून हलके नाव घ्यावे, ही रीत वुर्यानीला लहानपणापासून माहीत होती. तिच्या स्वतःच्या भावाचे नाव असेच बदलले होते. नाव गेले होते; मुलीने ‘गेला’ला गोल केला, त्यात तिचे काही चुकले नव्हते. वुर्यानीने पत्रक उलटले नाही, एवढेच घडले होते.

पुढचे त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले. सात वाजता शेजारचे लोक हिरवा मांडव घेऊन आले. रविवारी मुलीचे लग्न. त्यासाठीच आले असतील असे समजून त्यांनी खांब धरायला मदत केली. मग बायका तांदूळ आणि साखर घेऊन रडत आल्या, त्यांना पाहून आणखी रडल्या, आणि शेवटी चहा घेऊन गेल्या. तांदूळ मात्र कुणी परत नेईना. दुखवट्याचे दिलेले घरी परत नेणे चांगले नसते. संध्याकाळी प्रार्थनेला माणसे जमली, त्यात एक आवाज कमी पडत होता, तेव्हा तेही चटईवर बसले. “म्हटलं, आपल्याच माणसासाठी आहे,” ते म्हणाले.

इथपर्यंत त्यांना हसू येत होते. पुढे आले नाही. मुलाकडच्यांनी लग्न वर्षभर पुढे ढकलले होते. ज्या घरची लेलायू ऐकली गेली, त्या घरात वर्ष सरेपर्यंत मांडव पडत नाही. आणि मुलगा येत्या बुधवारी मासेमारीच्या बोटीवर तीन वर्षांसाठी परदेशी निघाला होता.

“माझी विनार्सी तीस वर्षांची आहे, बू. काल दिवसभर माझ्याच दुखवट्याची भांडी घासत होती.”

वुर्यानी त्यांना घेऊन खाली दुकानात गेली. हार्जितोंचे चिरंजीव पाक प्रायित्नो आता केंद्र चालवत आणि बॅटऱ्या विकत. त्यांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

“तुम्ही नाव काय वाचलंत?”

“कर्तोपाविरो.”

“आणि हे कोण?”

“राहार्जो,” त्या गृहस्थांनी स्वतःच सांगितले.

“मग कर्तोपाविरो नावाचा माणूस आहे का कुठे?”

“आता नाही.”

“मग चुकलं काय?” प्रायित्नो म्हणाले. त्यांच्या स्वरात कपट नव्हते. बावीस वर्षांत केंद्र एकदाही चुकले नाही याचे त्यांना खरेच समाधान वाटले. वुर्यानीने लग्नाचे सांगितले. त्यांनी हळहळ व्यक्त केली, म्हाताऱ्यांना दोन बॅटऱ्या भेट दिल्या आणि चौकटीकडे बोट दाखवले. वडिलांचा शब्द होता. शिवाय पुन्हा बकऱ्या नकोत.

गुरुवारी सकाळी गाण्यांच्या वेळात वुर्यानी वातुकुम्बुलच्या पलीकडच्या गावी, नवऱ्या मुलाचे काका पाक दार्सोनो यांच्याकडे गेली. घरातले दिवस-मुहूर्त तेच काढत. राहार्जो सोबत होतेच. त्यांनी दोघांना आदराने बसवले, उकडलेली रताळी पुढे केली. वुर्यानीने चूक आपली असल्याचे सांगितले, पत्रक दाखवले, माफी मागितली. दार्सोनोंनी सगळे ऐकून घेतले.

“हे जिवंत आहेत हे मला दिसतं, बू. माझ्या कोंबड्यांनाही दिसतं,” ते म्हणाले. “पण मला दिसून काय उपयोग? तीन तालुक्यांनी ऐकलंय. पाहुणे लग्नाला येतील ते कसला चेहरा घेऊन? रडका की हसरा? अर्धे तांदूळ दुखवट्याचे, अर्धे आहेराचे. असल्या मांडवात मी पोराला बसवू?”

“मी घरोघरी जाऊन सांगते,” वुर्यानी म्हणाली.

“घरोघरी जाऊन तुम्ही सांगितलं नव्हतंत. ऐकू आलं ते टीव्हीतून. दुसरं ऐकू येईल तर तेही तिथूनच आलं पाहिजे. शनिवारी सकाळपर्यंत आलं, तर रविवार माझा शब्द.”

नवरा मुलगा अंगणात जाळे विणत बसला होता. बोटीवर जाळी कंपनीची असणार होती, तरी विणत होता. त्याने वर पाहिले नाही.

परतताना दोघे कालव्याच्या बांधावरून चालत आले. पाणी सोडायच्या जुन्या दाराशी राहार्जो सवयीने थांबले, लोखंडी चाकावर हात ठेवला. एकतीस वर्षे त्यांनी ते फिरवले होते. एकदा झोपेच्या गुंगीत चुकीचे दार उघडले आणि कुणाच्या तरी रोपांत पाणी शिरले, ते त्यांनी सांगितले.

“मग काय केलंत?” तिने विचारले.

“सोडलेलं पाणी काही परत बोलावता येत नाही, बू. खालचं दार उघडलं. पाणी आपल्या आपण निघून गेलं.”

शुक्रवारी वुर्यानीने नेहमीसारखी नावे वाचली, पाच होती. दिवसभर ती चौकटीतला नियम वाचत होती. बोललेले मागे घेतले जात नाही. हार्जितोंना ती चांगली ओळखत होती. ते कडक होते, पण दुष्ट नव्हते. रोजच्या त्या खुर्चीखेरीज तिच्याजवळ फारसे काही नव्हते, हेही तिला ठाऊक होते. घरी जाण्यापूर्वी तिने गठ्ठ्यातून एक कोरे पत्रक घेतले, घडी न घालता वहीत ठेवले आणि घरी नेले.

शनिवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी तिने कुलूप उघडले. चादर काढली, बटण दाबले. माशाला खाणे घातले, काच पुसली, रुमाल बांधला. दाराखाली दोन पत्रके होती. तिने दोन्ही उलटून मागची बाजू पाहिली. मग वहीतले तिसरे काढून त्यांच्याखाली ठेवले. ते तिने रात्री जेवणानंतर स्वच्छ अक्षरांत भरले होते आणि ‘गेला’भोवती गोल केला होता.

साडेसहाला तिने ‘इन्ना लिल्लाही’ म्हटले आणि पहिली दोन नावे वाचली. प्रत्येकानंतर पाचपर्यंत मोजले. त्या दोघांचे दुःख खरे होते, म्हणून नंतर ती थोडी अधिक थांबली, कोरा कागद मध्ये ठेवावा तशी. मग तिसरे पत्रक त्याच आवाजात वाचले.

“मंगळवारी सकाळी साडेसहाला या केंद्रावरून दिलेली, वातुकुम्बुलच्या पाक कर्तोपाविरो यांच्या निधनाची वार्ता. वय, चार दिवस. ती गेली. तिच्यामागे पाक राहार्जो, जे पूर्वी कर्तोपाविरो होते, आणि त्यांची कन्या विनार्सी, असे दोघे सुखरूप आहेत. वार्तेचा दुखवटा आज सूर्यास्ताला संपतो. कळवणारी, वुर्यानी.”

तिने मनात पाचपर्यंत मोजले. खाली दुकानाचे शटर अर्ध्यावर थांबल्याचा आवाज आला आणि बराच वेळ ते वरही गेले नाही, खालीही आले नाही. काहीच मागे घेतलेले नव्हते. पण याचा निकाल तिने नव्हे, खाली प्रायित्नोंनी द्यायचा होता. तिने तिन्ही पत्रके लेलायूच्या फायलीत तारखेप्रमाणे लावली, बाजारभाव वाचले आणि साडेसातला उठून कॅमेरा माशाकडे वळवला. मग हार्जितोंनी दिलेली, कशाचीच नसलेली किल्ली जुडग्यातून सोडवून तिने चौकटीखालच्या खिळ्याला अडकवली, खुर्ची पुसली आणि ती टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.