सत्तेचाळीस वेळा उघडलेलं पत्र

बुधवारी दहाच्या चहाला न्याबोके जागेवरून उठली, तेव्हा लिहांडा पडद्यासमोर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"या, या, म्वालिमू! आजची आपली राणी कोण आहे बघा!"

लिहांडा तिचा साहेब, पण वयाने आठ-नऊ वर्षांनी लहान. न्याबोके पूर्वी शाळेत शिकवत असे, म्हणून सगळं ऑफिस तिला म्वालिमू म्हणे, म्हणजे स्वाहिलीत बाई. ङोंग रोडवरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चष्म्यांच्या या कंपनीचं ऑफिस होतं. तिथून दर बुधवारी सकाळी देशभरच्या गिऱ्हाइकांना ईमेलने एक पत्र जाई. पत्राच्या शेवटी चष्म्यांची जाहिरात, आणि आधी किबोगोयो नावाच्या एका बोळक्या शेळीची गोष्ट. दात नसलेली ही शेळी दर आठवड्याला काहीतरी चोरून खायची आणि पकडली जायची. गोष्ट न्याबोके लिही. जाहिरात वाचायला नव्हे, तर शेळीसाठी लोक पत्र उघडत, हे सगळ्यांना माहीत होतं.

पडद्यावर नावांची यादी होती. काही नावांपुढे तांबडी ज्योत पेटली होती. ज्याने पत्र पुन्हा पुन्हा उघडलं तो माणूस "गरम", असं यंत्राचं म्हणणं. गेल्याच महिन्यात हे नवं यंत्र आलं होतं. पाचापेक्षा जास्त वेळा पत्र उघडलं की ते पावणेदहाला आपण होऊन त्या माणसाच्या फोनवर निरोप धाडी.

सगळ्यांत वर पाच ज्योती होत्या. शेजारी नाव होतं: कास्योका, मचाकोस. सत्तेचाळीस वेळा.

"सत्तेचाळीस!" लिहांडा म्हणाला. "दीड तासात! म्हातारीला डोळे नाहीत, घायकुतीला आलीय बिचारी. तासाभरात तिला फोन लावा रे कुणीतरी. गरम आहे तोवर."

न्याबोकेच्या हातात तळलेली मंदाझी होती. तिने ती बशीत परत ठेवली. मचाकोसच्या शाळेत अकरा वर्षं ती याच कास्योका बाईंच्या हाताखाली शिकवत होती. मुलांपुढे कसं उभं राहायचं, हे तिला त्यांनी शिकवलं होतं.

"मी लावते," ती म्हणाली आणि जिन्यात गेली.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"कोण? चष्मेवाले का पुन्हा?"

"मी न्याबोके, म्वालिमू."

"अगं पोरी! बरं झालं. तुझ्या त्या शेळीने आज माझ्या घरात काय करून ठेवलंय, ऐक." बाईंचा आवाज नेहमीसारखा संथ होता. वर्गात कितीही गोंधळ असो, त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. "शाळेला सुट्टी आहे ना. बुधवारी सात पोरं येतात माझ्या खोलीत. फोन एकच. एकाने चार ओळी वाचायच्या, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. देईपर्यंत मेला फोन काळा पडतो. की पुन्हा उघडायचं. मुमो तर अक्षराला अक्षर लावून वाचतो, त्याच्या चार ओळींत तीनदा काळा पडतो."

"म्हणून सत्तेचाळीस," न्याबोके म्हणाली.



"म्हणजे तुलाही आकडा ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

न्याबोकेने जिन्याचं दार ओढून घेतलं.

"मुमोच्या हातात फोन होता तेव्हा तो निरोप आला. पोराला काय कळतंय, वर आलं ते त्याने मोठ्याने वाचलं. 'आमचं पत्र तुम्ही सत्तेचाळीस वेळा उघडलंत. अक्षरं नीट दिसत नाहीत का?' मग मुएनी उठली आणि तिने खिडकी लावली."

"खिडकी?"

"तिला वाटलं, बाहेरून कुणीतरी मोजतंय. सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, कुणी नाहीये गं, उघड. उघडायला कुणी तयार होईना." बाईंनी श्वास घेतला. "शिवाय तुमच्या अर्जावर घरच्या कुणाचा तरी नंबर मागता ना? मुतिंदालाही गेला निरोप. माझा लेक मोंबासाहून ओरडतोय, 'आई, तुझे डोळे गेले हे दुकानदाराला सांगतेस आणि मला नाही?' मी त्याला म्हटलं, माझ्या डोळ्यांना काही झालं नाही, तुझ्या डोक्याचं बघ."

एरवी न्याबोके खळखळून हसली असती.

"म्वालिमू, महिन्यापूर्वी आम्ही तुम्हाला एक प्रश्न धाडला होता. तुम्ही त्यावर सावा म्हणून उत्तर दिलंत."

"दिलं असेल. कुणी चार शब्द बोललं की आपण म्हणतो, सावा. बरं. ऐकलं. मग काय दगडासारखं गप्प बसायचं होतं का?"

"यंत्र त्याला होकार समजतं."

"यंत्राला कुणी सांगितलं?"

न्याबोके कठड्यावरचा रंग नखाने खरवडू लागली. मग बाईच म्हणाल्या, "बरं, ठेव. पोरं खोळंबलीत." आणि फोन ठेवला.

यंत्राला न्याबोकेनेच सांगितलं होतं.

पत्र कुणी कधी उघडलं हे पाहायचं असेल तर आधी त्या माणसाची परवानगी घ्या, असा नियम आला होता. यंत्र बनवणारी कंपनी परदेशातली. तिने कळवलं, तुमच्या भाषेत होकाराचे शब्द कोणते, त्यांची यादी द्या, आणि भाषा जाणणाऱ्या एका माणसाची सही द्या. लिहांडाने कागद आणला तोही दहाच्या चहालाच. न्दियो, म्हणजे हो. नाकुबाली, म्हणजे मला मान्य आहे. आणि तिसरा सावा. तिसऱ्या शब्दावर तिचं पेन अडखळलं होतं. "अहो, सावा म्हणजे ठीकच की," लिहांडा म्हणाला होता. तिने बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसलं आणि सही केली.

प्रश्नही तिनेच लिहिला होता. "आमची पत्रं तुमच्यापर्यंत नीट पोचतात ना, याकडे आम्ही लक्ष ठेवू. चालेल ना?" किती मायेने लिहिला होता! एखाद्या मावशीने विचारावं तसा.

आणि सावा म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! कास्योका बाईंच्या वर्गात तो शब्द चालतच नसे. गणित समजावून झालं की त्या विचारायच्या, समजलं का? पोरं हात वर करून एका सुरात म्हणायची, सावा. "सावा नको," बाई म्हणायच्या. "सावा म्हणजे माझा आवाज तुमच्या कानावर पडला. समजलं की नाही समजलं, ते सांगा." मग एकेक हात खाली यायचा आणि खरं काय ते बाहेर पडायचं. अकरा वर्षं न्याबोकेने पोरांना हेच विचारलं होतं.

ती परत आत आली. यंत्र सांभाळणारी चेलागात कोपऱ्यात बसे, तिच्याजवळ जाऊन तिने विचारलं, "ते मोजतं कसं गं?"

"ठिपक्याने, म्वालिमू." चेलागातने आजचं पत्र उघडून दाखवलं. "शेळीच्या गोष्टीचा शेवटचा शब्द आहे ना, त्याच्यापुढे. पांढऱ्यावर पांढरा ठिपका. दिसणार नाही तुम्हाला. पत्र उघडलं की तो आपल्याला कळवतो."

न्याबोके वाकून पाहत राहिली. तिथे काहीच दिसत नव्हतं. शेळीने सरपंचाची टोपी खाल्ली होती आणि पोरांना हसू यावं म्हणून तिने शेवटच्या ओळीत शेळीला ढेकर द्यायला लावला होता. त्या ढेकरापुढे हा बसला होता. शिजलेल्या चवळीत अर्धा चावलेला किडा निघावा, आणि उरलेला अर्धा कुठे गेला ते कळावं, तसं तिला झालं. किती बुधवार ती हे शिजवून वाढत होती.

"लोकांची उत्तरं दाखव मला. सावावाली."

"सगळी? एकसष्ट हजार आहेत. खरं हो म्हणणारे चार हजार, बाकी सगळे सावा."

"दाखव."

ती वाचत बसली. सावा, लेकरा. सावा, देव तुमचं भलं करो. सावा, पण तुम्ही कोण बोलताय? सावा, माझा नवरा गावाला गेलाय, आला की सांगते. सावा, मला वाचता येत नाही, नातीने लिहिलंय. प्रत्येकापुढे यंत्राने एक हिरवी खूण केली होती. नवरा आल्यावर सांगते म्हणणारीपुढेही हिरवी खूण. तुम्ही कोण, असं विचारणाऱ्यापुढेही. त्याला अजून कुणी उत्तर दिलं नव्हतं, फक्त त्याची पत्रं मोजली जात होती.

शेजारी चहावर साय धरली होती. ती उठून हात धुऊन आली, बसली, आणि पुन्हा उठून हात धुऊन आली.

दोन वाजता लिहांडाने तिला आत बोलावलं. टेबलावर कोरा करकरीत कागद होता.

"बसा, म्वालिमू. जरा लचांड आलंय. ते परदेशी लोक म्हणतात, शंभरातले नव्वदच्या वर हो कसे म्हणतात? त्यांना संशय येतोय. तर तीच यादी पुन्हा एकदा, ताजी सही. चारपर्यंत पाठवायचीय, नाहीतर मोजणं बंद करतील."

"ती सत्तेचाळीसवाली माझी जुनी मुख्याध्यापिका आहे," न्याबोके म्हणाली. "डोळे ठणठणीत आहेत. पोरांना वाचायला शिकवते आपल्या पत्रावर."

लिहांडा हसला. "असं होय! मग काढून टाकू की त्यांचं नाव. तुमची माणसं आपली माणसं. आणखी कुणी असेल तर सांगा, मावशी, काका, सगळे काढू."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण तुमचे?" तो खरोखरच आश्चर्याने म्हणाला. "अहो, उलट चांगली कल्पना दिलीत तुम्ही. पोरं वाचतात म्हणजे पोरांचे चष्मे! शेळीला चष्मा लावूया का पुढच्या बुधवारी?"

तो आपल्याच विनोदावर मान मागे टाकून हसला. त्याच्या दाताला दुपारच्या पालेभाजीचा हिरवा तुकडा चिकटला होता. न्याबोकेला त्या तुकड्यावरून नजर हलवता येईना. हा माणूस दुष्ट नव्हता. आई आजारी पडली की तो कुणालाही रजा देई. म्हणूनच की काय, तिला त्याची अधिक किळस आली. आणि त्याच्यासमोर मान डोलवत बसलेल्या स्वतःची त्याहूनही जास्त.

"तर मग चारपर्यंत," त्याने कागद सरकवला. "करताय ना?"

"सावा," न्याबोके म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर आली.

चार वाजता तिने तो त्याच्या टेबलावर ठेवला. लिहांडाने आधी सही पाहिली, खूश झाला, आणि मग वर पाहिलं. यादीतला तिसरा शब्द खोडलेला होता. खाली तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: सावा म्हणजे ऐकलं. तो होकार नव्हे. मागच्या खेपेला मी चुकीची सही दिली. मला अर्थ माहीत होता.

"हे काय?"

"तुम्हाला भाषा जाणणाऱ्याची सही हवी होती."

"दोन वाजता तुम्ही सावा म्हणालात!" त्याचा आवाज चढला. बाहेर माना वळल्या. "माझ्या तोंडावर म्हणालात!"

"म्हणाले."

"मग? मला वाटलं तुम्ही..."

तो तिथेच थांबला. बाहेरून कुणाला तरी हसू आवरलं नाही, आणि ते खोकल्यात लपलं.

लिहांडाचा चेहरा तांबडा झाला. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "सहीचं काय, इथे सगळ्यांनाच स्वाहिली येते. चेलागात! इकडे ये. दुसरा कागद छाप आणि तूच सही कर."

चेलागात दारात आली. तिने खोडलेला शब्द पाहिला, न्याबोकेकडे पाहिलं.

"सावा, साहेब," ती म्हणाली.

आणि तिथेच उभी राहिली. टेबलावरचं पेन काही तिने उचललं नाही.

पुढे तिने सही केली की नाही, हे न्याबोकेला पाहायला मिळालं नाही. आपला कप आणि शाल घेऊन ती खाली आली. ऑगस्टची थंडी होती. मातातूच्या, म्हणजे भाड्याच्या गाड्यांच्या थांब्यावर भाजलेल्या मक्याचा धूर येत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी तो वास तिला सोसवेना. तिने फोन लावला आणि बाईंना सगळं सांगितलं. प्रश्न कुणी लिहिला, सही कुणी केली, ठिपका कुठे बसतो, सगळं.

"खिडकी उघडली का?" शेवटी न्याबोकेने विचारलं.

"नाही. बंदच ठेवून पोरं घरी गेली." मग बाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी मी त्यांना काय वाचायला देऊ?"

"मी गोष्ट हाताने कागदावर लिहून आणते."

"आण. पण आधी त्यांना तू सांगायचंस, मोजत कोण होतं ते. मुएनीसमोर बसून. मी नाही सांगणार."

सहा वर्षांची पोर, आणि तिच्यासमोर बसून म्हणायचं की खिडकीबाहेर मी होते.

"सावा," ती हळूच म्हणाली.

"सावा नको," बाई म्हणाल्या.

मातातू आली, वाहक ओरडू लागला, लोक चढू लागले. न्याबोके फोन कानाला धरून उभीच होती.

"येते, म्वालिमू," ती म्हणाली. "येते आणि सांगते."